रांगेत शेवटचा

कालिनानं बोझानच्या तोंडातला बर्फ बोटांनी उकरून काढला आणि त्याला कसंबसं बसतं केलं. तो खोकला. मग बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं त्याचं बीकन बंद करावं म्हणून तिनं त्याच्या जाकिटात हात घातला. ते संदेश सोडतच नव्हतं.

दोघांनी पाहिलं. बटण 'शोध'वर होतं.

"हातमोजा वर दिसला म्हणून सापडलात, मामा!" कालिना म्हणाली. "माझ्या यंत्रावर काहीच येईना. मला वाटलं, मलाच जमत नाहीये."

बोझानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी डोंगरातल्या आसऱ्याच्या दारात वाटाड्या म्हणून त्यानंच सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं. आपलं बीकन 'शोध'वर ठेवायचं, एकेकाच्या छातीशी न्यायचं, टिटिट वाजलं की म्हणायचं, "चल, पुढे!" सगळ्यात शेवटी आपलं 'संदेश'वर आणून दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. हाताखालच्या कालिनाला हे शिकवलंही त्यानंच.

"मामा, तुमचं?" कालिनानं विचारलंही होतं.

"पिरिनच्या डोंगरातल्या बर्फात केस पिकले गं माझे. माझं काय बघतेस!"

सोफिया शहरातून आलेले पाहुणे हसले होते. रात्रभराच्या वाऱ्यानं उतारावर बर्फाची थप्पी रचली होती, तरी सगळ्यांना डोंगराच्या धारेवर थांबवून तो एकटाच पुढे गेला. पायाखाली धप्प झालं आणि अख्खा उतारच त्याला गाडत खाली सुटला.

संध्याकाळी आसरा सांभाळणारा इस्क्रेन घेवड्याचं सूप वाढत होता.

"काय म्हाताऱ्या, पांढरी गोधडी उबदार होती का?" मग कालिनाकडे वळून, "यंत्रावर लगेच सापडला ना गं?"

तिनं वाडग्यातून मान वर केली नाही. "लगेच."

"बघा! म्हणून हा तुम्हाला मेंढरांसारखा मोजून सोडतो!"

सगळ्यांनी बोझानच्या नावानं राकिया दारूचे पेले उंचावले. त्यानंही उंचावला, आणि प्यायला. घोट मुकाट घशाखाली उतरला, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी जंगलातल्या सोप्या वाटेनं खाली परतायचं होतं. पाहुणे सवयीनं रांगेत उभे राहिले. बोझान आला आणि सगळ्यांच्या मागे जाऊन थांबला.

"मामा, हे काय?"

"आज तू तपास." त्यानं घसा खाकरला. "आणि ऐका सगळे. काल हिला माझा आवाज आलाच नाही. माझं बीकन 'शोध'वरच राहिलं होतं. हिनं विचारलं होतं, मी हसण्यावारी नेलं. हिचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

दारात झाडणाऱ्या इस्क्रेनचा झाडू थांबला.

कालिनानं एकेकाला पुढे सोडलं. बोझानची वेळ आली तेव्हा त्यानं जाकिटाची चेन उघडली. तिनं यंत्र त्याच्या छातीशी धरलं.

टिटिट.

तिनं डोळे पुसले आणि त्याच्याच सुरात म्हणाली, "चला, पुढे!"

तिनं आपलं बीकन 'संदेश'वर आणून दाखवेपर्यंत तो हलला नाही.

"पुढे तू," तो म्हणाला, आणि ती निघाल्यावर तिच्या मागोमाग चालू लागला.