तिरके ठिपके

कोळशाच्या ट्रॉल्यांचा जुना पूल पाडायचा नाही, असं एकदाचं ठरलं आणि नातीचे पाय जमिनीवर ठरेनात. पूल बचाव समितीची ती चिटणीस. दोन वर्षं तिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. कारखाना चालू होता तेव्हा तिचे आजोबा त्या पुलाचे तपासनीस होते. लोखंडी पट्ट्या जोडणाऱ्या एकेका रिव्हेटवर हातोडी मारायची. 'टण' वाजला तर पिवळा ठिपका, 'बद्द' वाजला तर बदलायला सांगायचं. ही कथा त्यांनी तिखटमीठ लावून इतक्यांदा सांगितली होती की एव्हाना घरातल्या मांजरालाही पाठ झाली असावी.

"आजोबा, आमचं बोधचिन्ह बघा!" तिने कागद पुढे धरला. त्यावर एक पिवळा ठिपका होता, तिरका, ओघळलेला. "मधल्या गाळ्यावर सगळे असेच आहेत. लोंबकळत काम करणाऱ्या माणसाचा हात दिसतो त्यात."

म्हातारबांना चहाचा ठसका लागला.

"आणि रविवारी शाळेची मुलं पूल ओलांडणार, सगळ्यांत पुढे तुम्ही. इंजिनिअर म्हणाले, ठिपका नसलेले रिव्हेट आधी तपासू, ठिपकेवाले नंतर सावकाश."

हात कसला दिसतो त्यात, बांबू दिसतो! मधल्या गाळ्याखाली फळीवर लोंबकळावं लागे. पहिल्याच दिवशी खाली नदी दिसली आणि गडी तसाच वर परतला. मग पठ्ठ्याने बांबूला ब्रश बांधला आणि कठड्यावरून वाकून लांबूनच ठिपके दिले. दर वर्षी. हातोडी तिथल्या एकाही रिव्हेटला लागली नाही. आणि घरी येऊन फुशारक्या!

आता गप्प बसलं तरी कोण विचारणार होतं? पण मुलं चालणार होती.

"मधला गाळा मी तपासलेला नाही," ते कपबशीकडे बघत म्हणाले.

"म्हणजे? कधी?"

"कधीच नाही. उंचीची भीती वाटायची. बांबूने रंग लावला नुसता."

ती हसली. थट्टाच वाटली तिला. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि कागदाची घडी घातली. म्हातारबांना वाटलं, ही ओरडेल, निदान रडेल तरी. लाजेने त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. तिने सरळ इंजिनिअरला फोन लावला.

"रविवारचं रद्द करा. मधला गाळा पूर्ण तपासावा लागेल, एकेक रिव्हेट."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दोन वर्षं प्रत्येक कचेरीत, प्रत्येक फोनवर तिचं वाक्य 'आमचे आजोबा' असंच सुरू व्हायचं. म्हातारबा मान खाली घालून त्याच दोन शब्दांची वाट बघत राहिले.

"ज्यांनी ठिपके दिले होते ना," ती म्हणाली, "ते सांगतायत."