न टोचलेली सुई

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. एका सुईची गोष्ट सांगतो, टोचायची राहून गेलेल्या सुईची.

डॉक्टरीणबाईंनी औषध भरून घेतलं होतं. नऊ दिवसांचं बाळ तापाने फणफणलेलं. आईने त्याचा इवलासा तळपाय मुठीत धरला होता.

"घरात कुणाला ऐकू येत नाही, असं आहे का?" बाईंनी नेमाप्रमाणे विचारलं.

"माझ्या पाठच्या भावाला. पण ते जन्माचं नाही. माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे?"

"लहानपणी भांडणात कानाखाली मारली होती मी. महिन्याभरात त्याचं ऐकणं गेलं."

हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"त्या महिन्यात तो आजारी होता?"

"छातीत कफ झाला होता. दहा दिवस रोज इंजेक्शन."

बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. "आपण दुसरं औषध देऊ. आणि बाळाचं रक्त तपासून घेऊ."

चार दिवसांनी ताप उतरला, रिपोर्टही आला. बाई स्टूल ओढून बसल्या.

"पेशीत प्रथिनं घडवणारे बारीक कारखाने असतात. त्यांतला खरा कारागीर म्हणजे आरएनए. मी टोचणार होते ते औषध जंतूंच्या कारागिराला चिकटून त्याचं काम बिघडवतं, आपल्याला सहसा सोडतं. पण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात वेगळे छोटे कारखाने असतात. तुमच्या माहेरी तिथल्या आरएनएचं एक अक्षर बदललंय. त्यामुळे औषध त्यालाही जंतूचाच समजतं, आणि कानातल्या नाजूक पेशी मरतात. बाळातही तेच अक्षर आहे. ते आईकडूनच येतं."

"म्हणजे पुन्हा माझ्यामुळेच!"

"अहो, तुम्ही बोलला नसतात तर मी टोचलं असतं. कान तुम्हीच वाचवलेत."

"आणि ती थप्पड?"

"तिचा काडीचा संबंध नाही. भावाच्या त्या दहा इंजेक्शनांत हेच औषध असणार, त्यानेच कान गेले."

संध्याकाळी भाऊ आला. त्याला ओठ वाचता यावेत म्हणून ती समोर बसून सावकाश सगळं बोलली. शेवटी थपडेचंही सांगितलं.

"थप्पड? कुठली थप्पड, ताई?"

आवाजाचा अंदाज त्याला कधीच नसे. बाळ दचकलं आणि त्याने टाहो फोडला.

भाऊ ओशाळला. "मोठ्याने बोललो का?"

"बोल रे," डोळे पुसत ती म्हणाली, "अजून मोठ्याने बोल."

मंडळी, हात जोडून एवढंच मागणं. दवाखान्यात तुम्हाला कुणी विचारलं, घरात कुणाला ऐकू येत नाही का, तर "नाही" म्हणण्याआधी क्षणभर थांबा, आणि त्या मामाची आठवण काढा.