ज्यात कोणी मरत नाही असं पुस्तक

वाचनालयात जाऊन "ज्यात कोणी मरत नाही असं पुस्तक द्या" म्हणणारी बाई वरवट बकाल गावात वंदनाच्या आधी कोणी झाली नव्हती. अब्दुल गनींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते तिच्याकडे बघतच राहिले. सकाळी गाद्या भरायच्या आणि दुपारी तीन ते सहा वाचनालय उघडायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. त्यामुळे कापसाचे दोन-चार तंतू त्यांच्या दाढीत कायम अडकलेले असत. चार कपाटं, दोन बाकं आणि पेपर वाचायला येणारे पाच-सहा म्हातारे, एवढाच कारभार. पण त्या चार कपाटांतलं कोणतं पुस्तक कोणाला कधी पचेल, हे त्यांना वैद्यासारखं कळायचं. या मागणीला मात्र वैद्यही अडला.

"असं तं स्वयंपाकाचंच पुस्तक असते, भाभी," ते म्हणाले. मग आपण कोणाशी बोलतोय हे ध्यानात येऊन त्यांनी मान खाली घातली.

वंदनाच्या घरात काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीची कायमची पीडा टळली म्हणून लोकांनी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पण यंदा कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आणि अळी परत आली, ती थेट बोंडाच्या आत. वंदनाचा नवरा कडूबा आणि एकुलता एक मुलगा शिवम, दोघं पाठीवर पंप बांधून त्या कपाशीत शिरले. वारं पडलेलं. हात वर करून फवारायचं आणि सगळं आपल्याच तोंडावर उतरवून घ्यायचं. संध्याकाळी दोघांनाही उलट्या लागल्या, गाडी करून अकोल्याला नेलं. शिवम तिसऱ्या दिवशी गेला. एकोणीस वर्षांचा होता. कडूबा शुद्धीवर आला बाराव्या दिवशी, आणि तोवर त्याची नजर गेली होती. म्हणजे पोराला अग्नी द्यायला बाप नव्हता, आणि बापाला पोराचं तोंड शेवटचं बघता आलं नाही. देवाला कधी कधी एवढीही लाज राहत नाही.

शिवम गेल्याचं वंदनानंच त्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. रडला नाही. तो रडला नाही म्हणून तीही त्याच्यासमोर रडली नाही. एकानं बांध धरून ठेवला तर दुसऱ्यानं फोडायचा कसा?

आता आपल्याकडे जुन्या वळणाची नवरा-बायको एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. लेकराच्या नावानं मारतात. कडूबा तिला 'शिवमची माय' म्हणायचा, ती त्याला 'शिवमचे बाबा'. एकोणीस वर्षं घरात याच दोन हाका होत्या. पोरगा गेला तो त्या दोन्ही सोबत घेऊन गेला. घरी आल्यापासून कडूबा तिला हाकच मारत नव्हता. पाणी पाहिजे असलं की खाटेच्या लाकडावर बोटं वाजवायचा. तीही 'ऐकलं का' म्हणून वेळ मारून न्यायची. शिवमचं नाव दोघांच्याही तोंडून निघालं नाही. भाकरी मात्र तिच्या हातून अजून तीन माणसांच्याच व्हायच्या, आणि उरलेल्या ती गुपचूप गाईला घालायची.

एका दुपारी कडूबानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते उरलेली दवाई कुठं ठेवली?"

माणिकरावांनी नेली, असं वंदनानं सांगितलं. खरं तर फवारणीच्या विषाची बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात होती. लगेच ती उठली, बाटली पदराखाली घेतली आणि शेजारच्या माणिकरावांच्या हातात दिली. त्या दिवसापासून दुपारी तिनं त्याच्या खाटेजवळून हलायचं सोडलं. पण मुक्या माणसाजवळ मुकं बसून माणूस किती दिवस शहाणा राहील? खाटेखाली वाचनालयाचं एक पुस्तक पडलं होतं, कडूबानं आजारपणाच्या आधी आणलेलं. तिनं धूळ झटकली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

वाचनाचा नाद मूळचा कडूबाचा. हा गडी पाणी द्यायला म्हणून वावरात जायचा, बांधावर पुस्तक उघडून बसायचा आणि पाणी शेजाऱ्याच्या वावरात निघून जायचं. वंदना आठवी शिकलेली, पण घरात दोघंही वाचत बसले तर चूल कोण पेटवील, म्हणून तिनं कधी पुस्तकाला हात लावला नव्हता. आता ती ओळीखाली बोट धरून, जोडाक्षराशी ठेचकाळत वाचू लागली. चौथ्या पानावर एका शब्दाशी ती तीनदा अडली.

"प्रायश्चित्त हाय ते," भिंतीकडून आवाज आला.

अकोल्याहून आल्यापासून, विष कुठं ठेवलं या एका प्रश्नाखेरीज, तो आपणहून काही बोलला असेल तर ते हे. वंदनानं पदरानं डोळे पुसले आणि पुढं वाचत गेली. दुसऱ्या दिवशी दोन शब्द तर तिनं मुद्दाम चुकवले.

पण पुस्तक लिहिणाऱ्यांना माणसं मारायची भारी हौस. शेवटच्या पानांत कोणाचा तरी पोरगा तापानं फणफणला, तेव्हा वंदनानं पुस्तक मिटून "झालं हे" म्हणून सांगितलं. आणि मग ती वाचनालयात आली.

अब्दुल गनींनी निळ्या पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक काढून तिच्यापुढं ठेवलं. त्याची बांधणी त्यांनी स्वतः केली होती. त्यांची बायको गौसिया गेली तेव्हा महिनाभर त्यांनी हे एकच पुस्तक वाचलं होतं, असं त्यांनी तिला सांगितलं. लोक म्हणत, विनोदी काही वाचा, मन रमवा. ते वाचायला घेतलं की अंगाला काटेच टोचायचे. "दुखऱ्या दातावर जीभ जातेच, भाभी," ते म्हणाले. "तिले जाऊ द्यावं."

वंदनानं उभ्या उभ्याच शेवटचं पान काढलं. एक नदी होती, बापासाठी औषध आणायला पुरात उतरलेला एक पोरगा होता, आणि तो परत आला नव्हता. तिनं विंचू दिसावा तसं पुस्तक बाजूला सारलं आणि दुसरं मागितलं. गनींनी एक प्रवासाचं पुस्तक दिलं, कडूबाच्याच कार्डावर. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर कार्डाचा नंबर लिहायची त्यांची पद्धत होती. कडूबाचा नंबर एकशे बारा.

प्रवासाच्या पुस्तकातही एक कुत्रा मेलाच. वंदनानं सकाळी चुलीपुढं बसून ते आधी वाचून ठेवलं होतं, त्यामुळे दुपारी तिच्या तोंडून तो कुत्रा शेपूट हलवत घरी परतला. एकदा खोटं जमलं की पुढचं सोपं जातं. मग विहिरीत पडलेल्या पोरीला दोर सापडला. तापानं फणफणलेला पोरगा काढा पिऊन उठून बसला. फासावर जायचा माणूस ऐनवेळी सुटला. एक म्हातारी होती, तिला खरं तर मरायलाच हवं होतं, वयही झालेलं; पण वंदनानं तिलाही काशीला पाठवून दिलं. तालुक्याच्या दवाखान्यात वाचले नसतील एवढे जीव त्या हिवाळ्यात वंदनानं एका खाटेजवळ बसून वाचवले. आणि दर वेळी पुस्तक मिटलं की कडूबा छताकडे तोंड करून म्हणायचा, "बरं झालं." त्या दिवशी तो अर्धी भाकर जास्त खायचा.

त्याची बहीण तानाबाई भेटायला आली तेव्हा म्हणाली, "त्याले देवाधर्माचं काही ऐकवावं, हे कायच्या गोष्टी?" देवाधर्माशी वंदनाचा सध्या अबोला होता.

चैत्र लागला. चार कपाटांतलं वंदनाला दुरुस्त करता येण्यासारखं होतं ते सगळं वाचून झालं. शेवटी तिनं स्वतःहून निळ्या पुठ्ठ्याचं मागितलं. शेवट ठाऊक आहे ना, असं गनींनी विचारलं. ठाऊक आहे, मी बघून घेईन, ती म्हणाली. एवढे वाचवले, हा एक काय जड आहे, असं तिला वाटलं असावं.

नऊ दुपारी ते पुस्तक चाललं. कडूबा कधी नव्हे तो उठून भिंतीला टेकून बसायचा. जड शब्दांशी ती अडली तरी या वेळी तो दुरुस्त करत नव्हता, नुसता ऐकत होता. नवव्या दुपारी शेवटचा भाग आला. नदी फुगली, पोरगा पाण्यात उतरला, काठावर माणसं जमली. वंदनानं पानावरची नजर काढली आणि समोरच्या रिकाम्या खुंटीकडे बघत पुढचं सांगू लागली. पोराला दूरच्या काठावर एक झाड सापडलं. त्यानं फांदी धरली. संध्याकाळी तो ओलाचिंब दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, माय, भूक लागली.

ती थांबली. "बरं झालं" ऐकायची तिला सवय झाली होती. ते आलं नाही.

"काय घातलं होतं त्यानं?" कडूबानं विचारलं.

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. ती गडबडली, आणि जे आधी डोळ्यांपुढं आलं ते बोलून गेली. "निळा शर्ट. खिशाजवळ उसवलेला. म्या टाका घालून देतो म्हटलं, तं म्हणे, आता राहू दे, वावरातून आल्यावर."

बोलून झाल्यावर तिला कळलं की ती काय बोलली. बाहेर कोणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती काही चालू होत नव्हती.

"शिवमची माय," कडूबा म्हणाला.

सहा महिन्यांनी ती हाक त्या घरात आली होती.

"हे पुस्तक म्या चार वेळा वाचलं हाय," तो म्हणाला. "खरं हाय ते वाच."

तिनं पुस्तकाचं मागचं पान उलटलं. चिठ्ठीवर गनींच्या गोल अक्षरात एकशे बारा होतं, जुन्या तारखांना, एक, दोन, तीन, चार. सगळ्यांत खाली तिनं आणलं त्या दिवसाचं. इतके महिने तिची नजर कोण कुठं मरतं हेच शोधत होती, या चिठ्ठीकडे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"बाकीचे पुस्तकंबी?" तिनं विचारलं.

"हाव. बाकीचेबी."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तू एकेकाले वाचवून राह्यली होती," तो म्हणाला. "म्या कायले मारू?"

वंदनाला पुढची अक्षरं दिसेनात. तरी तिनं बोट ओळीखाली ठेवलं आणि पानावर होतं ते वाचलं. पोरगा परत आला नाही. पाणी ओसरलं, माणसं आपापल्या घरी गेली. आईनं तीन ताटं वाढली आणि एक झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तीन वाढली. तिसऱ्या दिवशी बाप... इथं तिचा आवाज बसला तो बसलाच.

पुढचं वाक्य कडूबाला पाठ होतं. ते त्यानं म्हटलं. "तिसऱ्या दिवशी बाप म्हणाला, आता दोनच वाढ."

आणि मग तो रडला. डोळ्यांचं बघण्याचं काम संपलं होतं, पण रडण्याचं शिल्लक होतं, ते सगळं एकदम बाहेर आलं. त्या सकाळी शिवमला कॉलेजात अर्ज भरायला जायचं होतं. दोन तासांचं काम आहे, मग जा, म्हणून आपणच त्याच्या पाठीवर पंप बांधला, हे कडूबा हुंदक्यांतून पुन्हा पुन्हा सांगत राहिला. वंदनानं त्याचं डोकं छातीशी धरलं. जाताना पोरानं दारात थांबून माझ्याकडे पाहिलं होतं, ती म्हणाली. मी जाऊ नको म्हटलं असतं तर थांबला असता, मी म्हटलं, जा बाबा, बापाला हातभार लाव. सहा महिने दोघंही तीच एक सकाळ एकमेकांपासून लपवून बसले होते. ओसरीवर ऊन उतरलं, गाय हंबरून हंबरून थकली, तरी कोणी उठलं नाही.

संध्याकाळी तिनं दोन माणसांच्या भाकरी थापल्या. पीठ मोजून घ्यावं लागलं, हाताला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली. वाचून झालं का, असं अब्दुल गनींनी विचारलं. झालं, पण आणखी आठ दिवस राहू द्या, ती म्हणाली. गनींनी चिठ्ठीवर पुन्हा एकशे बारा लिहिलं आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं. ती ते हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"याच्यातला पोरगा मरते," ती म्हणाली.

"हाव, भाभी."

"आमचाबी मेला, गनीभाई. शिवम मेला आमचा."

पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. अब्दुल गनी टेबलामागून उठले, बाकावरचे पेपर उचलले आणि तिला बसायला जागा करून दिली.