शांत डांबर

टायरचा आवाज मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गाडीमागे छोटा ट्रेलर, त्याच्या टायरला खेटून दोन माइक आणि ताशी पन्नासचा वेग, ना कमी ना जास्त. कुठल्या डांबरावर किती आवाज होतो ते मोजायचं आणि संगणकावर असं प्रारूप बांधायचं, की रस्ता व्हायच्या आधीच त्याचा आवाज सांगता यावा. गाडीत मी एकटाच. घरीही एकटाच. त्याचं मला काही वाटत नाही असं मी लोकांना सांगतो, ते साफ खोटं आहे.

मोजणीच्या रस्त्यावरच बाबांचं घर आहे. आई गेल्यापासून ते तिथे एकटे राहतात, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांची नजरही गेली. दिवसभर खिडकीशी बसलेले. समोर जाड खडीचं जुनं डांबर, वाहनांची नुसती घरघर. म्हणून मी हट्टाला पेटलो. छिद्राछिद्रांचं नवं डांबर टाकलं तर सहा डेसिबल कमी होतील, म्हणून साहेबांचं डोकं खाल्लं. शेवटी वैतागून त्यांनी तेवढा पट्टा मंजूर केला. भरले बरोब्बर सहा. माझी कॉलर ताठ!

तीन आठवड्यांनी, रविवारी शाबासकी घ्यायला गेलो. एरवी मी गाडी लावेपर्यंत दार उघडलेलं असायचं. आज बेल वाजवावी लागली.

"कोण?"

"मी, बाबा. कसा वाटतो रस्ता?"

"आलास होय! बरा आहेस ना? मला वाटलं, नोकरी गेली की काय तुझी."

"नोकरी? का बरं?"

"रोज सकाळी जायचास ना समोरून. तुझ्या त्या ट्रेलरचा टायर वेगळाच गुणगुणतो. मी चहा घेऊन आधीच बसायचो. म्हटलं, चला, पोरगा ठीक आहे. आता तीन आठवडे काहीच नाही."

"मग फोन करायचा ना!"

"कामाच्या माणसाला कशाला उगाच?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खिडकीपर्यंत किती आवाज पोचतो ते मी दशांशापर्यंत काढलं होतं. खिडकीत बसलेल्या माणसाला विचारलं नव्हतं. आणि या तीन आठवड्यांतही रोज समोरून जाऊन एकदाही थांबलो नव्हतो. मोजणी चालू असताना थांबायचं नसतं, हे खरं. पण आईशिवायच्या त्या घरात बसणं मला जड जायचं, तेव्हा हा नियम माझ्या सोयीचाच होता.

सोमवारी सकाळी काटा पन्नासवर होता. घर आलं आणि मी ब्रेक दाबला.

माइक चालूच राहिले होते. दुपारी ऑफिसात ते ऐकलं. टायर मंदावतो, गाडीचं दार लागतं. रस्ता इतका शांत, की पुढचंही स्पष्ट ऐकू येतं.

"कोण?"

"मीच. चहा उरलाय का?"

मोजणी अर्थातच रद्द झाली. तक्त्यात कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'घरी थांबलो.'