बिनलोण्याचा फ्रूट ब्रेड

आमच्या ह्यांनी जन्मभर लोण्यावर घर चालवलं. खाली बेकरी, वर आम्ही. वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की ह्यांच्या फ्रूट ब्रेडसाठी दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग लागते. ब्रेडचं गुपित विचारलं की उत्तर ठरलेलं, "लोणी. आणि मग आणखी थोडं लोणी." असा माणूस एक दिवस जेवताना मला म्हणाला, "यंदा घरचा ब्रेड बिनलोण्याचा. दूध नाही, अंडं नाही, साखरसुद्धा नाही."

"मग आहे काय त्यात? हवा?" मी विचारलं.

"खारूताईला चालेल असं सगळं," असं म्हणून हे खाली मान घालून जेवायला लागले.

खारूताई म्हणजे आमची नात, लेकीची मुलगी. दूध, लोणी, अंडं यातलं कणभर जरी पोटात गेलं तरी तिचा गळा सुजतो. म्हणून ती आपला खाऊ छोट्या डब्यात घेऊन हिंडते, त्यावरून हे नाव पडलं. कुणाकडेही गेली की लोक आधी विचारतात, "हे चालतं ना गं तुला?" आणि बहुतेक वेळा ती मान हलवून नाही म्हणते. सुट्टीत सगळे जमले की आम्ही एकच मोठा ब्रेड मधोमध ठेवून कापतो आणि त्यावर तुटून पडतो. ती बाजूच्या खुर्चीवर बसून डब्यातलं बिस्किट खाते. "मला ब्रेड आवडतच नाही," असं गेल्या सुट्टीत ती आजोबांना सांगत होती. कधी चाखलाच नाही, तर आवडत नाही हे कळलं कसं? हे तेव्हा नुसते ब्रेड कापत राहिले. पण ते वाक्य ह्यांना लागलं होतं, हे मला आता कळलं.

लेकीने फोनवर सांगितलं, अशा ब्रेडला व्हीगन म्हणतात. हे म्हणाले, "नाव काहीही ठेव, फुगला पाहिजे."

पहिला फुगला नाही. आमच्या मुलाने तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, "बाबा, दार वाऱ्याने आपटतंय, हा मागे लावून ठेवू का?" दुसरा फुगला, पण सुरी लावताच त्याचा भुगा झाला. मी नाक मुरडायची संधी सोडली नाही. ज्यांच्या ब्रेडसाठी लोक थंडीत रांग लावतात, ते नवशिक्यासारखे पुन्हा ओणवे होऊन पीठ मळायला लागले. अंड्याच्या जागी जवसाची पूड भिजवून चिकट केली. साखरेच्या जागी खजूर वाटला. अंजीर, जर्दाळू आणि मनुका रात्रभर संत्र्याच्या रसात बुडवल्या. मैदा सोडून गव्हाचं पीठ घेतलं, त्याला पाणी जास्त लागतं आणि धीरही. हजार गोष्टींवरून मी ह्यांच्याशी भांडले असेन, पण पिठात हात घातलेला हा माणूस पाहिला की माझी बोलती बंद होते. मला त्यांचा अभिमान वाटतो, तोंडावर सांगत नाही एवढंच.

"दूध-लोण्याचं समजलं," मी एकदा विचारलं, "पण साखर का काढली? पोरीला साखर चालते."

"तुला चालत नाही ना. डॉक्टर काय म्हणाले? एका दगडात दोन पक्षी."

"मला पक्षी म्हणायचं नाही," असं फणकाऱ्याने म्हणून मी आत गेले. डोळे पुसायचे होते.

तो दिवस आला. वर लेक, जावई, मुलगा, खारूताई सगळे जमले होते. दुपारी दुकान बंद करून आम्ही दोघांनी टेबल, ट्रे, भट्टी सगळं घासून काढलं. ब्रेड असा फुगला की साच्याबाहेर डोकावू लागला. बाहेर काढल्यावर संत्र्याचा वास सुटला. ह्यांनी तो उपडा करून बुडावर टकटक केलं, कान दिला आणि हसले.

आणि तिथेच माशी शिंकली. भट्टीशेजारच्या फळीवर पातळ लोण्याची वाटी असते, तिच्यात ब्रश, गरम ब्रेडवर चमक आणायला. ती इतकी वर्षं तिथेच आहे की आम्हाला दोघांनाही ती दिसेनाशी झाली होती. सगळं धुतलं, ती राहिली. गरम ब्रेड समोर आला, हात आपोआप फळीकडे गेला आणि ब्रश सर्रकन फिरला. जित्याची खोड! ब्रेड आरशासारखा चमकला, आणि ह्यांचा चेहरा उतरला.

"अगं, हे मी काय केलं?" असं म्हणत हे पिठाच्या पोत्यावर मटकन बसले.

मी ओरडणार होते, पण ओरडवेना. म्हटलं, "हा बाकीच्यांना देऊ. तिचा डबा आहेच. पुढच्या सुट्टीत करू."

"नाही," म्हणाले, आणि ब्रेड घेऊन स्वतःच जिना चढले. सगळ्यांसमोर नातीपुढे उभे राहिले. "खारूताई, हा तुझ्यासाठी केला होता. शेवटी माझ्याच हाताने त्याला लोणी लागलं. चूक माझी."

तिने ब्रेडकडे पाहिलं. "असू दे आजोबा, माझा डबा आहे." इतक्या सहज म्हणाली, की मोठ्यांपैकी कुणाला वर बघवेना.

"डबा राहू दे. मी दुसरा करतो, भिजवलेली फळं उरलीत. थांबशील?"

"बाबा, संध्याकाळ होईल," लेक म्हणाली.

सकाळपासून वासावर जगणारा आमचा जावई उठला. त्याने तो चमकता ब्रेड कागदात गुंडाळला आणि शेजारच्या शिंप्याकडे देऊन आला. परत येऊन म्हणाला, "होऊ दे संध्याकाळ. सगळेच थांबू."

या वेळी मी वाटी आणि ब्रश उचलून दुकानाच्या पार पुढच्या कपाटात कोंडले. पुन्हा सगळं घासलं. खारूताई स्टूलवर बसून राखण करत होती. ब्रेड बाहेर आला, टकटक झाली, आणि शप्पथ सांगते, ह्यांचा हात पुन्हा फळीकडे निघाला. पोरीने मनगट धरलं. "आजोबा, हात!" जिन्यात बसलेली सगळी मंडळी हसली, हे तर खोकला येईपर्यंत हसले.

ब्रेड तिनेच कापला, सुरी धरलेल्या तिच्या हातावर ह्यांचा हात होता. आपला तुकडा हातात धरून तिने सगळ्यांना वाढलं. मामाला, बाबाला, आईला, प्रत्येकाला देण्याआधी ती गंभीरपणे विचारत होती, "हे चालतं ना तुला?" आजोबांना विचारलं, तर हे नुसती मान डोलवत राहिले. मग माझ्यासमोर आली.

"आजी, तुला?"

"चालतं," मी म्हटलं.

"मलापण," ती म्हणाली, आणि मोठा घास घेतला.