गिरणीवालीच्या माळ्यावरच्या डब्या

रेडॉनला रंग नाही, वास नाही. जमिनीतून हा वायू गुपचूप घरात शिरतो, तळघरात साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. दवाखान्याची नर्स म्हणून मी हे घरोघर सांगितलं आणि प्रत्येकाला मोजणीची एकेक डबी दिली. सर्वांत खालच्या खोलीत ठेवा, दारं-खिडक्या लावून घ्या, हलवू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमचं गाव कुणाला ऐकायचं नाही.

निकाल आले आणि मी कपाळावर हात मारला. सगळ्या घरांचा आकडा जवळपास सारखाच, तोही मोकळ्या माळरानावर यावा इतका छान.

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. तपासणी म्हटली की पास व्हायचं, एवढंच आमच्या लोकांना कळतं. टेकडीवरच्या गिरणीवालीचं घर हवेशीर, तिच्या माळ्यावर डबी ठेवली की आकडा चांगला येतो, अशी कुणीतरी टूम काढली. झालं! अख्ख्या गावाच्या डब्या तिथे, रिकाम्या पोत्यांशेजारी ओळीनं मांडलेल्या.

"अहो सिस्टर, दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?" गिरणीवाली म्हणाली. मला हसू आलं, रागही आला.

राग जास्त शिंपीमास्तरांचा. नवरा गेल्यावर त्यांची लेक तान्ही मुलगी घेऊन कायमची त्यांच्याकडे राहायला येणार होती. वर एकच खोली आणि स्वयंपाकघर, म्हणून मास्तरांनी तळघरातली शिलाई मशीनशेजारची जागा रंगवून घेतली होती. पाळणाही तिथेच मांडला होता.

"मास्तर, त्या तळघरात तान्हं पोर निजणार आहे. काही वाटतं का?"

"वाटतं हो. पण आकडा वाईट आला तर ती यायचीच नाही. आधीच म्हणते, बाबा, तुमच्या गळ्यात कशाला पडू? तिला आयतं निमित्त मिळेल."

मी नवी डबी त्यांच्या हातात ठेवली. या वेळी त्यांनी ती मुकाट्यानं तळघरात ठेवली. आकडा धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर आला. यावर उपाय आहे, मी सांगितलं. फरशीच्या भेगा बुजवायच्या, जमिनीखालून पाइप काढून पंखा बसवायचा. पण काम होईपर्यंत खाली कुणी राहायचं नाही.

मास्तरांनी माझ्यासमोरच लेकीला फोन लावला. फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला. डबी कुठे ठेवली होती, खरा आकडा किती आला, सगळं सांगून टाकलं. "आता तुझं तू ठरव, बाळा. मी आग्रह करणार नाही."

मास्तरांचा चेहरा बघवेना. ती येत नाही, असंच मी धरून चालले होते.

"बाबा, तुम्ही शिवायला कुठे बसता?"

"कुठे म्हणजे? खालीच."

"कधीपासून?"

"तू झालीही नव्हतीस तेव्हापासून."

आकडा आल्यापासून नुसतं पाळण्याचंच बोलणं चाललं होतं. मला मनापासून लाज वाटली.

लेक रडत होती. "मशीन आजच वर न्या. स्वयंपाकघरात ठेवा, नाहीतर रस्त्यावर ठेवा. मी येतेय, आणि मी आल्यावर तुम्ही खाली दिसलात तर बघा."