जुन्या मापाचं घर

सूनबाई शिलाईकाम करायची, आणि शिवणाऱ्या हाताला एक खोड असते. माप घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नवरा बर्फाच्या कारखान्यात मशीनवर. वरून हुकूम आला आणि ऐन उन्हाळ्यात, इथून तिथवर, पार मुलखाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड हलवायचं ठरलं. दुसरी एखादी आधी भांडी बांधायला घेईल. हिनं टेप काढला.

कारण घरात सासरे होते. अण्णांची नजर जाऊन वर्षं झाली होती, पण घरात ते असे वावरायचे की नवख्याला पत्ता लागत नसे. कुणी खुर्ची हलवली तर हलवणाऱ्यानं तोंडानं सांगायचं, हा घरचा कायदा. बाकी अण्णांची तक्रार नाही. वीज गेली की म्हणायचे, "बसा गपचूप, आता घरात डोळस मी एकटाच."

सूनबाईला धास्ती होती ती याच फिरण्याची. म्हातारं माणूस नव्या जागी बिचकलं, एकदा खाटेवर बसलं, की बसलंच! मग तिनं काय करावं? झंपराचं कटिंग करतात तसं अख्ख्या घराचं कटिंग केलं. जुनी वर्तमानपत्रं टाचण्यांनी जोडली, खाट कुठे, कपाट कुठे, मशीन भिंतीपासून किती लांब, सगळं खडूनं आखलं. नव्या घरात पोचल्यावर तो कागद फरशीवर पसरला आणि हमालांना दमात घेत एकेक वस्तू बरहुकूम लावून घेतली. नवरा म्हणाला, "अगं, जरा श्वास तरी घे." ही म्हणाली, "तुम्ही सरका, तुमचा पाय कपाटावर पडलाय."

सगळं तंतोतंत जमलं. फक्त दारं काही तिच्या हातात नव्हती. बाथरूम जुन्या घरात उजवीकडे होतं, इथे निघालं डावीकडे, आणि स्वयंपाकघर पाठीमागे. तेवढं तिनं अण्णांचा हात धरून फिरवून दाखवलं. "बरं बरं, कळलं," अण्णा म्हणाले. झालं, हिचा जीव भांड्यात पडला.

पण अण्णा काही उठेनात. सकाळी मुलगा नेईल तेव्हा बाथरूमला जायचं, रात्री तो परत नेईल तेव्हा जायचं, मधला सगळा दिवस आतल्या खोलीत, खाटेवर. घामानं सदरा भिजलेला, आणि उशाजवळचा पाण्याचा तांब्या संध्याकाळी जसाच्या तसा.

"अण्णा, पाणी का पीत नाही? बाहेर बघा कसलं ऊन आहे!"

"तहान नाही गं."

या उकाड्यात तहान नाही! सूनबाई मनात म्हणाली, हवा मानवली नाही बहुतेक. माणूस स्वतःच्या शहाणपणावर खूश असला की समोरचंही दिसत नाही, ते हे असं.

मग एका दुपारी ती भाजी घेऊन आली. पायात रबरी चपला, त्यामुळे आवाज नाही. बघते तर अण्णा उठलेले. खाटेपासून कपाट, कपाटापासून टेबल, सराईतासारखे चालत गेले, अगदी जुन्या घरात जायचे तसेच, आणि सवयीनं उजवीकडे वळून थेट भिंतीवर आपटले. तिथे दार नव्हतंच. दोन्ही तळवे भिंतीवर फिरवत उभे राहिले. मागे वळले, तर आता खाट कोणत्या बाजूला तेही कळेना. पाणी का पीत नव्हते ते आत्ता उमगलं. पाणी प्यायलं की उठावं लागतं!

"कोण आहे?" अण्णांनी विचारलं.

"मी आहे, अण्णा."

"इथलं दार कुणी बुजवलं गं?" अण्णा हसले. पण हात अजून भिंत चाचपत होता.

सूनबाईनं पिशवी तिथेच टाकली आणि ढसाढसा रडली. "मीच घोळ केला, अण्णा. सामान जुन्या घरासारखं लावलं. पायांना वाटतं जुनंच घर आहे."

"अगं, रडतेस काय! दुसऱ्याच्या मापाचा सदरा या घराला कसा बसायचा? तूच सांग, तू शिवतेस."

नवरा कामावरून आला तेव्हा ओटीवर कपाटाचे खण रचलेले. "वेड लागलंय का? आत्ताच तर लावलं!"

"बोलू नका, खाटेला हात लावा."

घर रिकामं झालं. अण्णा एका दारापासून निघाले, भिंतीला तळवा टेकवून, कोपरे, चौकटी, खिडक्या चाचपत. घाई नाही. एकदा फिरले, दुसऱ्यांदा फिरले, तिसऱ्यांदा भिंत सोडून मधून चालले आणि बाथरूमच्या दारात नेमके जाऊन थांबले. मग एकेक सांगू लागले. कपाट इथे. टेबल नकोच मध्ये. "तुझं मशीन या खिडकीपाशी, वारा येतोय."

शेवटी खाट राहिली. सूनबाईनं एक बाजू उचलली आणि आतल्या खोलीकडे वळली.

"तिकडे नको," अण्णा म्हणाले. "पुढच्या दाराशी."

"अहो, तिथे रस्त्याचा गोंगाट! जुन्या घरात आतच होतात की इतकी वर्षं."

"डोळे गेले आणि दवाखान्यातून आणून तुम्ही आत ठेवलंत. आंधळ्याला शांतता लागते, असं सगळ्यांनी ठरवलं. मी राहिलो."

सूनबाईच्या हातातून खाट निसटता निसटता राहिली. टेपनं मापून, खडूनं आखून, इतक्या लांबून तिनं तोच कोपरा उचलून आणला होता!

"सांगायचं ना, अण्णा!"

"सगळे मायेनं करत होतात. मायेला नको कसं म्हणायचं?"

नवऱ्यानं आपली बाजू पुढच्या दाराकडे वळवली.

ऊन उतरलं होतं. अण्णा दाराशी खाटेवर पाय सोडून बसले. रस्त्यानं कुणीतरी पाय ओढत चाललं होतं. "कोण चाललंय?" अण्णांनी हाक दिली. पावलं थांबली, एक म्हातारा आवाज जवळ आला.

"मी पलीकडच्या गल्लीतला. तुम्ही नवीन आलात वाटतं?"

"हो," अण्णा सरकून जागा करत म्हणाले, "आजच आलो. बसा."